फाशांचा जिना

माझ्या याद्या ठेवायला माझ्याकडे पत्र्याचा एक डबा आहे. शाळेत आलेल्या पाट्या, फुटलेल्या पाट्या, देवीची लस टोचलेल्या मुली, टोचायच्या राहिलेल्या मुली, पावसाळ्याआधी करायची कामं, सगळं त्यात असतं. झाकण लावताना आवाज होत नाही आणि उघडताना नख दुखत नाही. पण झाकणाला आतून एक पोचा आहे, वाकडा, कशाशीच मेळ नसलेला. पाहणारे म्हणतात, "एवढा देखणा डबा, पडला वाटतं कुठे." मी हो म्हणून मोकळी होते. तो पडलेला नाही. खरी हकीकत सांगायला थोडा वेळ लागतो, तो आज काढते.

डबा उस्मानभाईंनी केला. खांडबाऱ्याला मुलींच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी तिशीची होते. मी आणि माझी आई, अशा आम्ही दोघी स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर राहायचो. समोरच उस्मानभाईंचं दुकान. रस्ता इतका अरुंद की त्यांच्या ओट्यावरचं बोलणं आमच्या ओट्यावर न मागता यायचं. पत्र्याचं काम आणि कल्हई हा त्यांचा धंदा. पन्नाशी उलटलेली, अंग किरकोळ, दाढी आखूड कापलेली, आणि हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी आणून लावल्यासारखे मोठे. उजव्या हाताचं पहिलं बोट सतत कशावरून तरी फिरत असायचं: कंदिलाच्या काठावरून, पेल्याच्या बुडावरून, बोलता बोलता आमच्या खिडकीच्या चौकटीवरूनसुद्धा. सांधा पाहायचा डोळ्यानं नाही, बोटानं, असं त्यांचं म्हणणं. "उंगली को पता नहीं चलना चाहिए, बाई. बोटाला कळला तर सांधा नाय, जखम आहे."

शाळेसाठी मी त्यांच्याकडून पाणी मोजायचं एक माप करून घेतलं होतं. आठ दिवसांनी ते स्वतः शाळेत आले, मुलींसमोर माप उचललं, आतून बोट फिरवलं आणि न बोलता घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुसरं आणून ठेवलं. पहिल्यात काय वाईट होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मला झोप नाय आली."

बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानापुढे गर्दी उसळायची. डोंगरातल्या पाड्यांवरून बायामाणसं डिंक, मोहफुलं, कोंबड्या घेऊन यायची आणि येताना गळका दिवा नाहीतर कल्हई उडालेलं भांडं आणायची. व्यापाऱ्यांचे नोकरही त्याच वेळी यायचे आणि पुढे घुसायचे. आकडे वाचता येणारे थोडे. म्हणून उस्मानभाईंनी पत्र्याचे जोडीजोडीनं आकार कापून ठेवले होते. दोन मासे, दोन आंबे, दोन चंद्र, दोन पानं. एक भांड्याला बांधायचा, दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. भांडी आल्या क्रमानं तारेवर टांगायची. हातात मासा असेल तर माशाचंच भांडं मिळणार, आणि तेही स्वतः आल्यावर.

एकदा एका लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस आला. "साहेबांचा डबा आधी करा. साहेब गाडीत बसून राहिलेत."

"साहब को चाँद मिला है," उस्मानभाई मान वर न करता म्हणाले. "चाँद मछली के बाद."

"मासा कुणाचा?"

"वो माई का." कोपऱ्यात एक म्हातारी डोंगरी बाई मुठीत मासा घट्ट धरून उकिडवी बसली होती. तिला बोलणं किती कळलं माहीत नाही, पण तिनं मूठ उघडून मासा ठेकेदाराच्या माणसाला दाखवला. साहेबांची गाडी थांबली.

हा झाला त्यांचा दिवस. संध्याकाळी भट्टी विझली की ओट्यावर पट मांडायचा आणि झिपरूआप्पाची वाट पाहायची. त्यांचे एक चुलते सुरतेकडून जहाजावर खलाशी होते. त्यांनी बसऱ्याहून हा पट आणला होता. उस्मानभाई त्याला तख्ता म्हणायचे. लाकडी पेटी उघडली की दोन्ही बाजूंना लांब त्रिकोणी घरं, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, आणि हाडाचे दोन फासे. फासे टाकायचे, पडेल तेवढं चालायचं, आणि ज्याच्या सोंगट्या आधी घर गाठून पटाबाहेर निघतील तो जिंकला. दान मोठ्यानं म्हणायचं आणि तेही चुलत्यानं शिकवलेल्या फारसी आकड्यांत: एक म्हणजे यक, तीन म्हणजे से, पाच म्हणजे पंज, सहा म्हणजे शश. आमच्या शाळेतल्या मुलीसुद्धा सागरगोटे खेळताना "शश" म्हणून ओरडायला लागल्या होत्या.

झिपरूआप्पा बैलगाड्यांचे मालक. स्टेशनवरचा माल विसरवाडीपर्यंत पोचवायचे. अंगानं दांडगे, मनानं हळवे आणि हातानं पक्के धांदरट. आमच्या घरातल्या तीन कपांचे कान त्यांनी तोडले, याचीही यादी माझ्याकडे आहे. सोंगटी उचलायला गेले की शेजारच्या दोन आडव्या व्हायच्या. उस्मानभाई न बोलता त्या उभ्या करायचे. वीस वर्षं हे असंच चाललं होतं, असं लोक सांगायचे.

मी खांडबाऱ्याला आले त्याच वर्षी आप्पांची बायको वारली. आप्पा जेवेनात, गाड्यांकडे बघेनात. एकच गोष्ट चुकली नाही, संध्याकाळी ओट्यावर येणं. आणि नेमके तेव्हाच ते जिंकायला लागले. आज जिंकले, उद्या जिंकले, आठवडाभर जिंकले. हळूहळू पागोटं नीट बांधायला लागले. बाजारात थांबून सांगायला लागले, "काल उस्मानले पुरा धुई काढा." आई म्हणाली, "ह्या माणसाला त्या फाशांनी उठवून बसवलं."

मग एका संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत असताना उस्मानभाईंनी डाव मध्येच थांबवला.

"आप्पा, देख," ते म्हणाले. "शश-पंज." फासे टाकले. सहा आणि पाच पडले.

"वा!" आप्पा हसले.

"देख. यक-यक." दोन्ही एक पडले. "पंज-पंज." दोन्ही पाच.

आप्पांचं हसू तिथंच राहिलं. "हाई काय शे, उस्मान?"

उस्मानभाईंनी आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला, जणू तो हात त्यांचा नव्हताच. तीस वर्षं वितळलेल्या कथलाचा थेंब हवा तिथेच पाडायची सवय. त्या सवयीनं फासे आता त्यांच्या मनाप्रमाणे पडत होते. जिंकायचं ठरवलं तर जिंकत, हरायचं ठरवलं तर हरत. गेले तीन महिने ते हरायचं ठरवत होते.

"तू मले जिकाडत व्हता?" आप्पांनी हळू विचारलं.

"हाँ."

"मन्ही बायको मरनी म्हनीसन?"

आप्पा उठले. उठताना पटाला धक्का लागून सोंगट्या रस्त्यावर सांडल्या, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. "मी गावभर सांगत फिरनू," ते म्हणाले, "आनी तू मले पोऱ्यागत खेळाडत व्हता. मी आते येत नही."

मी सोंगट्या गोळा करायला खाली उतरले. तीस भरल्या. मग मी उस्मानभाईंना जरा रागानंच विचारलं, की सांगायची गरज काय होती? माणूस सावरला होता.

"खोटा सांधा वरून दिसत नाय, बाई," ते म्हणाले. "आतून गळतो. मला रोज आवाज येत होता."

आप्पा खरंच आले नाहीत. रस्त्यानं जाताना गाडीच्या पलीकडल्या बाजूनं चालायचे, म्हणजे बैल मध्ये येत. उस्मानभाई संध्याकाळी पट मांडायचे आणि दिवे लागले की मिटायचे. दुसरं कुणी खेळायला तयार नव्हतं. ज्याच्या हाताचं फासे ऐकतात त्याच्याशी खेळणार कोण? त्यांनी आधी फासे कातड्याच्या पेल्यात घालून टाकून पाहिले. पाच-सहा दिवसांत पेलाही त्यांचं ऐकायला लागला. वैतागून म्हणाले, "ये हाथ को निकालना पडेगा." आई घाबरली. मी तिला समजावलं, हात म्हणजे खेळातून.

त्यांनी रॉकेलचा एक उभा डबा घेतला. आत दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं पाच तिरप्या पायऱ्या बसवल्या, जिन्यासारख्या. वरून फासे सोडायचे. ते या पायरीवरून त्या पायरीवर पडत खालच्या तबकडीत यायचे. हाताचं काम फक्त सोडणं. बाजारकरी वाकून बघायचे आणि विचारायचे, "मजार कोन बठेल शे?" आत कुणी बसलेलं नाही हे दिसावं म्हणून त्यांनी पुढचा पत्रा कापून जुन्या तसबिरीची काच बसवली. पायऱ्या सुट्या ठेवल्या, काढघाल करता येतील अशा. आणि शेवटी पाचही पायऱ्यांना कल्हई करून त्या इतक्या घासल्या की त्यात तोंड दिसावं. माझ्या हाताला धरून बोट फिरवायला लावलं. "कळतो का?" बोटाला काही कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी ऊन आलं.

आता आप्पांना आणायचं कसं? ते काम माशानं केलं. आप्पांची चहाची किटली गळायला लागली, तेव्हा त्यांनी ती गाडीवानाच्या हाती पाठवली. उस्मानभाईंनी किटलीला मासा बांधला, दुसरा मासा आप्पांकडे पाठवला आणि किटली तारेवर टांगली. गाडीवान दोनदा परत गेला. "ज्याचा मासा त्यानं यायचं. सगळ्यांना तोच कायदा." तिसऱ्या दिवशी आप्पा मासा घेऊन आले, किटली घेतली आणि त्यांची नजर काचेच्या डब्यावर गेली.

"हाई काय नवं खूळ?"

"एक डाव," उस्मानभाई म्हणाले. "हात नाय लावणार मी. बाई लिहितील."

हे माझ्यासाठी नवीन होतं, पण वही हाताशी होती. मी दोन रकाने आखले, उस्मानभाई आणि आप्पा, आणि पडेल ते दान लिहायला लागले. आप्पा मुठीतून फासे कसेही वरून ओतायचे. उस्मानभाई मात्र सगळ्यांच्या देखत दोन्ही फासे एक ठिपका वर येईल असे धरून दाखवायचे आणि मग अलगद सोडायचे. सहा वर धरले असं कुणी म्हणायला नको, म्हणून सगळ्यांत गरीब आकडा वर.

आणि पडायला लागले ते यक. यक-यक, यक-पंज, यक-यक, यक-से. उस्मानभाईंच्या सोंगट्या जागच्या हलेनात. आप्पांच्या सोंगट्या भराभरा घराकडे निघाल्या. आप्पांचा चेहरा आधी खुलला, मग बारीक झाला, मग लाल.

"परत तेच करी ऱ्हायना ना तू?"

"अल्ला कसम, आप्पा, मी काय नाय..."

"आते पत्राना डबा बी तुन्हं ऐकस!" आप्पांनी किटली उचलली आणि ते गेले. किटलीचं झाकण ओट्यावरच राहिलं.

उस्मानभाई त्या झाकणाकडे पाहत बसले. मी त्यांना इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं, पटावर तर नाहीच. मी वही मिटणार होते, पण रकान्यांची बेरीज केल्याशिवाय वही मिटायची माझी सवय नाही. आप्पांच्या रकान्यात सगळे आकडे थोडेफार सारखेच आले होते. उस्मानभाईंच्या रकान्यात निम्म्याहून जास्त एक. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना मराठी आकडे येत होते. त्यांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग एक पायरी बाहेर काढली आणि बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर.

"बाई," ते म्हणाले, "फासा लोळत नाय. घसरतो."

खरंच होतं. पायऱ्या इतक्या गुळगुळीत की अलगद सोडलेला फासा उलटायचाच नाही. जसा वरून सोडला तसाच पाठीवर घसरत खाली यायचा. वर एक धरला तर खाली एक. आप्पा फासे ओतायचे म्हणून त्यांचे तरी आदळून फिरायचे. दोष ना हाताचा होता ना मनाचा. दोष होता त्या सुरेख कामाचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायऱ्यांना पोचे पाडायला घेतले. मी शाळेतून आले तेव्हा पाचही पायऱ्या माझ्यापुढे ओळीनं मांडल्या. पोचे होते, पण सगळे एका मापाचे, एका अंतरावर, दागिन्यावर खडे बसवावेत तसे. आम्ही शंभर वेळा फासे सोडून पाहिले आणि मी लिहीत गेले. फासे आता फिरत होते, पण सगळे एकाच चालीनं. एकाऐवजी आता तिनाचं दान जास्त येत होतं.

"वाकडं मारा की," मी म्हटलं.

"मारतो ना! मारताना वाकडा असतो, पडताना सरळ पडतो." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मला वाईट काम येत नाय, बाई. शिकलोच नाय." आणि मग एकदम माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या मनात एकच नाव आलं असणार, कारण त्यांनी पायऱ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि म्हणाले, "वही घ्या. तुमचं लिहिलेलं तो मानेल. माझं नाय."

आप्पा गाड्यांच्या अंगणात चाकाला वंगण लावत होते, म्हणजे चाकाला थोडं आणि स्वतःला जास्त. आम्हाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी वही पुढे केली आणि रकाने समजावून सांगितले, पोरींना भागाकार सांगते तसे. आप्पांनी ऐकलं. उस्मानभाईंनी त्यांच्यापुढे पायरी धरली. आप्पांनी वंगणाचं बोट तिच्यावरून फिरवलं.

"म्हंजे तू मुद्दाम नही हारना?"

"नाय."

"तुन्हा कामनी तुले हारायं?"

"हाँ." उस्मानभाईंनी हातोडी पुढे केली. "मुझे तेरा हाथ चाहिए, आप्पा. ऐसा हाथ पूरे खांडबारे में किसी का नहीं."

आप्पा क्षणभर रागवायचं की कसं ते ठरवत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते इतके हसले की बैलांनी माना वर केल्या.

"मी तोडी टाकसू बरं का!"

"तोड."

आप्पांनी पहिला घाव घातला. अर्धा पत्र्यावर, अर्धा दगडावर. उस्मानभाईंनी खांदे आवळले आणि पाठ फिरवली. दुसरा घाव कुठे पडणार हे हातोडीलाही माहीत नव्हतं. एकदा आप्पांनी स्वतःचा अंगठा ठेचला आणि मोठी शिवी दिली. प्रत्येक आवाजासरशी उस्मानभाई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटत होते, दात काढताना मुलं मिटतात तसे. पाच पायऱ्या झाल्या. उस्मानभाईंनी एक उचलली, बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. "या अल्ला," ते म्हणाले. "क्या काम किया है."

त्या दिवसानंतर आप्पा रोज यायला लागले. फासे जिन्यातून खडखड करत, कुठेही आपटत, कुठूनही फिरत यायचे. मी पहिल्या आठवड्यात सगळी दानं लिहिली. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते सांगता आलं नसतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आप्पा अगदी शेवटच्या सोंगटीवर हरले आणि ओट्यावर उभे राहून रस्त्याला सांगितलं, "हारनू! बाई, मी हारनू!" आई आतून बाहेर आली, तिला वाटलं काय झालं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. दुसऱ्या दिवशी ते जिंकले तेव्हा गप्प राहिले, फक्त पागोटं काढून पुन्हा नीट बांधलं.

पुढे लढाई सुरू झाली, पत्रा मिळेनासा झाला आणि माझी शहाद्याला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी उस्मानभाईंनी मला हा डबा आणून दिला. राखून ठेवलेल्या चांगल्या पत्र्याचा. झाकण उघडून आतला वाकडा पोचा दाखवला. "इतना मैं ने आप्पा से लिया," ते म्हणाले. "सिर्फ एक. बाकी मेरा है."

आम्हाला स्टेशनवर सोडायला आप्पांची गाडी आली, तेव्हा त्यांचा डाव रंगात होता. आप्पा अर्ध्यावर उठून आले. सामान चढवताना त्यांनी आईच्या पाण्याच्या तांब्याला पोचा पाडला तो वेगळाच. गाडी हलली तेव्हा मी यादी हातात घेऊन नग मोजत होते. वळणावर मान वर करून मागे पाहिलं. ओट्यावर पट तसाच मांडलेला होता, शेजारी काचेचा जिना संध्याकाळच्या उन्हात चमकत होता, आणि उस्मानभाई पटाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. दोन्ही हात मांड्यांवर उलटे.

"ते असे उलटे का बसलेत?" मी विचारलं.

आप्पांनी मागे पाहिलंसुद्धा नाही. "मन्ही चाल बाकी शे ना," ते म्हणाले. "मी येस तवलोंग तो पट देखाव नही. तसाच बठी ऱ्हाई." आणि त्यांनी बैलांना जरा घाई केली.